तत्त्वज्ञान पुरे!

अकोल्याच्या आमच्या शनिवारच्या बैठकीला घटना नाही, वर्गणी नाही आणि अध्यक्षही नाही. परंतु कित्येक वर्षे तिला एक कायदा मात्र होता, आणि तो मी केलेला होता. वकीलसाहेबांच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही सातआठ मंडळी दिवेलागणीनंतर जमतो. उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपडलेले असते, तरी दिवसभर पंचेचाळीस अंशांत भाजलेली फरशी रात्री नऊपर्यंत आपला राग सोडीत नाही. कापसाचा भाव, काटेपूर्णा धरणातले पाणी, मोर्णा नदीतील जलकुंभी, निवडणूक, नवे पुस्तक, कोणाच्या मुलीचे स्थळ असे कोणतेही विषय वर्ज्य नसत. वर्ज्य होते ते एकच. बोलणारा मूळ विषय सोडून ब्रह्म, माया, काळ, नियती यांपैकी कोणाच्याही आश्रयाला गेला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीही "तत्त्वज्ञान पुरे!" असे म्हणावे, आणि अपराध्याने पुढच्या शनिवारी सर्वांना गरम आलुबोंडे द्यावेत, असा तो कायदा. (पुण्यामुंबईचे वाचक ज्याला बटाटेवडा म्हणतात त्याचेच हे आमच्याकडचे नाव; चवीचा वाद मी येथे उपस्थित करीत नाही.)

कायदा उगाच झाला नव्हता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे इंजिनीअरसाहेब त्याला कारण झाले. निवृत्तीनंतर त्यांनी वेदान्ताचे वाचन सुरू केले होते, आणि नव्या वाचकाचा उत्साह नव्या जावयाच्या उत्साहाइतकाच इतरांना जड जातो. एकदा नळाला किती दिवसांआड पाणी येते ह्यावर गरमागरम चर्चा चालली होती. धरण, जलवाहिनी, गळती ह्या गोष्टींत आयुष्य घालवलेला हा गृहस्थ; आता काही माहितीचे बोलेल म्हणून आम्ही त्यांच्याकडे वळलो, तर ते डोळे अर्धवट मिटून म्हणाले, "पण पाणी म्हणजे तरी काय? पंचमहाभूतांपैकी एक भूत!" त्यावर डॉक्टर कडाडले, "अहो, माझ्याकडे चार दिवसांत ते एकही भूत फिरकलेले नाही!" हशा पिकला. त्या हशाचा फायदा घेऊन मी कायद्याचा मसुदा मांडला आणि तो जागच्या जागी संमत झाला.

विरोध केला तो एकट्या वकीलसाहेबांनी. त्यांचा आधार होता अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचा. लोकमान्यांचे हे स्नेही वकिलीत आणि राजकारणात आकंठ बुडालेले. परंतु १९११ च्या डिसेंबरात ते शिर्डीला गेले आणि तीनेक महिने राहिले. त्यांची रोजनिशी वकीलसाहेबांनी अनेकदा वाचलेली. तीत रोजच्या भेटीगाठी, आरत्या आणि घरची दुखणी यांच्या बरोबरीने, उपासनी, जोग वगैरे मंडळींसह चाललेल्या पंचदशीच्या वाचनाच्याही नोंदी आहेत. "दादासाहेबांसारख्या पट्टीच्या वकिलाला जे चारचौघांत बसून करावेसे वाटले ते आपल्याला गुन्हा कसा?" असा वकीलसाहेबांचा सवाल होता.

मी उत्तर तयार ठेवले होते. मी म्हणालो, आपल्या नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद. जिंकण्यासाठी तो जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडणे ती वितंडा. वैद्यांच्या चर्चेविषयी चरकसंहितेत जे प्रकरण आहे त्यातही मित्रभावाची संधायसंभाषा आणि कुरघोडीची विगृह्यसंभाषा असा भेद केलेला आहे. आता कापसाच्या भावाची चर्चा भरकटली तर बाजारात जाऊन तिचा निकाल लावता येतो. ब्रह्माचा बाजार कोठे भरतो? ज्या बोलण्याला बाहेरून आवर घालणारे काहीच नाही ते चारचौघांत पाहता पाहता जल्प होते आणि दुसऱ्या चहापर्यंत वितंडा. म्हणून तत्त्वज्ञान एकट्याने वाचावे, एकट्याने झोपेपूर्वी चघळावे. हवे तर १९१६ साली प्रतापशेठांनी अमळनेरला त्यासाठी तत्त्वज्ञान मंदिर उभारले, तसल्या ठिकाणी जाऊन त्याचा रीतसर अभ्यास करावा. ओसरीवर ते नको. डॉक्टरांनी टाळी दिली. वकीलसाहेब हरले, आणि चांगल्या वकिलाप्रमाणे हसत हरले.

मला आजही वाटते की, ह्या म्हणण्यात खोटे फारसे नव्हते. कायद्याने बैठक सुधारली. बोलणे नेटके झाले, आणि इंजिनीअरसाहेबांच्या आलुबोंड्यांमुळे सर्वांची वजनेही वाढली. परंतु कोणत्याही कायद्याचे होते ते ह्याचेही झाले. माया आणि ब्रह्म ह्यांच्यासाठी काढलेले हत्यार हळूहळू कशावरही चालू लागले. आमच्यातल्या प्राध्यापिकाबाईंनी एकदा विचारले होते, "ज्या विषयाने पोरांना नोकरी मिळणार नाही हे मला ठाऊक आहे, तो मी त्यांना इतक्या आवेशाने शिकवते, हे बरोबर आहे का?" कोणीतरी "तत्त्वज्ञान पुरे!" म्हटले. बाईंनी पुढच्या आठवड्यात आलुबोंडे आणले. तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा आणला नाही. तेव्हा माझ्या हे ध्यानातही आले नाही.

आता गुरुजींविषयी. जिल्हा परिषदेच्या शाळांतून मराठी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. बैठकीत ते बहुधा ऐकत. बोलले तर एखादे वाक्य. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी फार आजारी पडल्या. एका मोठ्या रुग्णालयात त्यांना एकोणीस दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवले होते. मग यंत्र काढले, पण शुद्ध पुरती आली नाही. पुन्हा श्वास बिघडला तर नळी पुन्हा घालायची की नाही, हे कुटुंबाने ठरवून ठेवावे, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. हे सारे आम्हांला तुटकतुटक कळले होते. चार शनिवार गुरुजी आले नव्हते. पाचव्या शनिवारी आले. दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी. चहाचा कप तसाच ठेवून ते म्हणाले, "मला एक सांगा. आपण माणसाला जगवतो, ते कोणासाठी?"

आम्ही वाईट माणसे नव्हतो. प्रत्येकाने आपल्याजवळ होते ते पुढे केले. डॉक्टरांनी फुप्फुसांची आणि मूत्रपिंडांची स्थिती विचारून आशा किती धरावी ते सांगितले. जिनिंगवाले शेठजी म्हणाले, "पैशाची काळजी तुम्ही करू नका, गुरुजी." वकीलसाहेबांनी कायदा समजावला: अरुणा शानभाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली काय म्हटले, २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, यंत्रांनी आयुष्य लांबवू नये अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याची सोय कशी दिली, आणि तिची किचकट रीत २०२३ साली कशी सोपी केली. सारे खरे होते आणि उपयोगाचे होते. गुरुजींनी एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे ते ऐकून घेतले. मग म्हणाले, "ते समजलं. पण मी ठरवायचं ते कोणाबद्दल? चाळीस वर्षं घरात वावरली ती एक, आणि तिथं खाटेवर आहे ती एक. पहिलीला विचारलं असतं तर तिनं एक सांगितलं असतं. दुसरी माझा हात धरते. ह्या दोघी एकच का?"

क्षणभर कोणी बोलले नाही. ती शांतता मला सोसवली नाही, हे मी आज स्पष्ट लिहितो. वातावरण हलके करावे ह्या हेतूने, सवयीने, आणि थोडेसे भिऊनही, मी हसून म्हणालो, "गुरुजी, तत्त्वज्ञान पुरे!"

मंडळी हसली, सुटल्यासारखी हसली. गुरुजीही हसले. "हो, हो," ते म्हणाले, "पुढचे आलुबोंडे माझ्याकडे." आणि चहा पिऊन ते उठले.

त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे त्यांच्या पत्नी गेल्या. नळी पुन्हा घातली नव्हती. आम्ही सर्वजण अंत्ययात्रेला होतो. शनिवारी बैठक भरवावी की नाही असा प्रश्न पडला; पण एकेकटे घरी बसवेना म्हणून आम्ही ओसरीवर येऊन बसलो. कोणी फारसे बोलत नव्हते. साडेसातच्या सुमारास कोपऱ्यावरच्या हॉटेलातला पोरगा आला आणि वर्तमानपत्रात बांधलेला, तेल झिरपलेला एक मोठा पुडा त्याने मधोमध ठेवला. वकीलसाहेबांनी पाकिटाला हात घातला तेव्हा तो म्हणाला, "पैसे आले हायेत. गुरुजी मागच्या शनिवारीच देऊन गेले."

तो पुडा कोणी सोडला नाही. शेवटी वहिनींनी तो आत नेला.

त्या रात्रीपासून माझा कायदा माझ्या मनात खटकू लागला. जे मी मोठ्या ऐटीने मांडले होते ते पुन्हा तपासू लागलो, तेव्हा त्यात एक भोक दिसले. तत्त्वज्ञान हा इतर विषयांशेजारचा एक वेगळा विषय आहे आणि त्याला दाराबाहेर ठेवता येते, असे मी गृहीत धरले होते. वस्तुतः ते इतर विषयांच्या तळाशी असते. प्लेटोचा 'लाखेस' नावाचा एक लहानसा संवाद आहे. दोन बाप आपल्या मुलांना चिलखत घालून लढण्याचे शिक्षण द्यावे की नाही, एवढेच विचारायला दोन सेनापतींकडे येतात. प्रश्न किती घरगुती! सेनापतींची मते एकमेकांविरुद्ध पडतात. मग सॉक्रेटिसाला मध्ये घेतात, आणि तो विचारतो की, ज्या धैर्यासाठी हे शिकवायचे ते धैर्य म्हणजे काय? दोघेही रणांगण पाहिलेले. दोघांनाही सांगता येत नाही. संवाद संपतो तो उत्तर न सापडता. पण मंडळी चिडून उठत नाहीत, उद्या पुन्हा भेटायचे ठरवून उठतात. आमच्या ओसरीवर सॉक्रेटिस आला असता, तर मी त्याच्याकडून किती आलुबोंडे वसूल केले असते!

आणि ग्रीसला तरी कशाला जावे? १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. मागणी एका दरवाजाची होती. परंतु देव कोणाचा, आणि माणसाला माणूस कशामुळे म्हणायचे, हे विचारल्यावाचून त्या दरवाजाबद्दल एक वाक्यही धड बोलता आले नसते. आपल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे तर प्रश्नांची सरबत्तीच असे. हजारोंच्या समुदायाला, ज्यात अक्षरओळख नसलेलेच अधिक, ते देवाबद्दल विचारीत, दगडाबद्दल विचारीत, कर्जाबद्दल आणि दारूबद्दल विचारीत. आणि सारा समुदाय एका आवाजात उत्तर देई. देवाचा प्रश्न कोठे संपला आणि सावकाराचा कोठे सुरू झाला, हे सांगणे कठीण. तेथे कोणी "पुरे" म्हटल्याचे ऐकिवात नाही.

गुरुजी दिवसकार्यानंतर अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. पत्र लिहावे असे मी चारपाच वेळा ठरवले आणि चारपाच वेळा मोबाईलवर "कसे आहात?" एवढेच पाठवले. अखेर हिवाळ्यात मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून अमरावतीला गेलो. गुरुजींनी तो विषय काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "रिद्धपूर पाहिलं का तुम्ही? चला."

एसटीने निघालो. वाटेत संत्र्यांच्या बागा लागल्या. रिद्धपूर आज मोर्शी तालुक्यातले एक लहान गाव आहे; अलीकडेच तेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले म्हणून वर्तमानपत्रांत त्याचे नाव येते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी गोविंदप्रभू येथे राहत, आणि चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी येथेच जमले. म्हाइंभटांनी एकेकाला गाठून स्वामींच्या आठवणी विचारल्या आणि त्यांतून लीळाचरित्र सिद्ध झाले. हे म्हाइंभट मूळचे सराळ्याचे गर्विष्ठ पंडित, स्वामींशी वाद घालायला गेलेले! गुरुजी हे सारे मला वर्गात सांगावे तसे सांगत होते. राजमठात दर्शन घेऊन आम्ही सावलीला बसलो.

"महदाईसा ठाऊक आहे ना?" गुरुजींनी विचारले.

आद्य मराठी कवयित्री, धवळे रचणारी, एवढे ठाऊक होते.

"ते परीक्षेपुरतं झालं. ती स्वामींना सारखी काहीतरी विचारत असे. जेवताना, वाटेनं जाताना, सगळ्यांच्या देखत. आणि स्वामींनी तिच्या ह्या विचारण्याचं कौतुक केलेलं आहे. पुढं केशिराजांसारखे विद्वान संस्कृतात ग्रंथ लिहू म्हणाले, तर नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय दिलं? म्हाताऱ्यांना ते कळणार नाही! इतका मोठा पंथ, आणि त्याची भाषा ठरली ती विचारणाऱ्या म्हाताऱ्यांवरून."

मग थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. जन्मभर शुद्ध मराठी शिकवलेले गुरुजी मन भरून आले की वऱ्हाडीवर येतात. ते म्हणाले, "तुमी त्या दिवशी हसले, त्याचं मले काही नाही वाटलं, भाऊ. सही त मलेच करा लागत होती, अन् ते मले मालूम होतं. तुमच्यापाशी उत्तर मांगाले मी आलोच नव्हतो. दवाखान्यात सारे मले काय करा लागते तेच सांगत. मले वाटलं, एक घंटा कोनी माह्यासंगं नुसतं हे पाहीन, की हे हाये तरी काय."

मी क्षमा मागितली. ती त्यांनी, शाळेत उशिरा आलेल्या मुलाची सबब ऐकावी तशी, मान हलवून ऐकून घेतली. मग मी विचारले, सहा महिने उशिरा का होईना, विचारले: "त्या दोघी एकच होत्या का, गुरुजी?"

त्यावर आम्ही जे बोललो ते येथे सगळे लिहिण्याजोगे नाही. काही त्यांच्या घरातले आहे, काही माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांतले आहे, जे मी तोवर कोणापाशीच काढले नव्हते. निष्कर्ष निघाला नाही. शेवटची बस मात्र जवळजवळ चुकली.

उन्हाळ्याच्या आरंभी गुरुजी अकोल्याला परतले आणि बैठकीला येऊ लागले. पहिल्याच शनिवारी मी कायदा रद्द करण्याची सूचना मांडली. विरोध केला तो, नवल म्हणजे, वकीलसाहेबांनीच; चालत आलेला कायदा एकाएकी मोडू नये असे त्यांचे म्हणणे. पण सूचना संमत झाली, आणि तिची शाई वाळण्यापूर्वीच, म्हणजे पाचव्या मिनिटाला, इंजिनीअरसाहेबांनी पाय पोटाशी घेऊन आरंभ केला, "आता मोकळेपणी सांगतो. हे जे सगळे दिसते आहे, हे घर, ही ओसरी, ही माणसे, हे वस्तुतः..." डॉक्टरांनी माझ्याकडे असे पाहिले की, भोगा आपल्या कर्माची फळे. माझ्या तोंडाशी ते दोन शब्द आले होते. मी गुरुजींकडे पाहिले.

गुरुजी पुढे झुकून ऐकत होते. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "साहेब, हे तुम्ही आम्हांला सांगता आहात, की स्वतःला विचारता आहात?"

इंजिनीअरसाहेब थांबले. दहा वर्षांत त्यांना थांबलेले मी प्रथमच पाहिले. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "दोन्ही मुलं तिकडे गेल्यापासून वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आम्ही उघडतच नाही. त्या घराचा नकाशा मी काढला होता. रात्री जाग आली की वाटतं, त्या खोल्या आहेत तरी का?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. आतून वहिनींनी विचारले, चहा पुन्हा टाकू का. आणि वकीलसाहेब म्हणाले, टाका.